शिकागोतला पूर्वज: आधी घर शोधा, नाव नंतर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर इतरांच्याही उपयोगी पडेल. तुमच्या सासूबाईंचे आजोबा १८८५ च्या सुमारास बोहेमियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रांत, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात) शिकागोला आले. आडनाव नोवाक. घरात एक जुनं पाकीट जपून ठेवलंय, बोहेमियातून १८९७ साली आलेलं. त्यावर थ्रूप स्ट्रीटवरचा तीन आकडी घरक्रमांक आहे, पण आज तो पत्ता नकाशात टाकला तर भलतीच जागा दिसते. सासूबाईंचे वडील १८९८ साली शिकागोतच जन्मले, त्यांचा जन्मदाखला सापडत नाही. जनगणनेच्या याद्यांत नाव टाकलं की नोवाक ढिगाने येतात आणि त्यातले आपले कुठले ते कळत नाही, १९२० मध्ये तर कुटुंब शिकागोतून गायबच होतं. घरातल्यांचं म्हणणं एकच, "आगीत सगळं जळलं, आता काही मिळायचं नाही." सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काहीतरी हाती लागावं असं तुम्हाला वाटतंय.

लागेल. किती लागेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या ओघात सांगते. पण हातात पत्ता असलेलं १८९७ चं पाकीट असणं ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांकडे फक्त नाव असतं आणि शिकागोत नुसत्या नावावर काम अडतं.

आधी ती आग बाजूला काढू. शिकागोची मोठी आग ८ ते १० ऑक्टोबर १८७१ या दिवसांतली. साधारण तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली, सतरा हजारांवर इमारती जळल्या. कोर्टाची इमारत जळाली आणि तिच्यासोबत कुक काउंटीच्या (शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या) जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी, जमिनीचे दस्त, खटल्यांची कागदपत्रं, तोवरचे नागरिकत्वाचे कागद, सगळं गेलं. हे खरंच मोठं नुकसान आहे. पण तुमचं घराणं आलं १८८५ ला, आगीनंतर चौदा वर्षांनी. जळायला त्यांचा एकही कागद तिथे नव्हता. शिकागोतल्या कितीतरी घरांत ही आगीची गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शोध अडला की तिच्याकडे बोट दाखवणं सोपं जातं, आणि पुढे कुणी शोधतच नाही. म्हणून मी पहिल्यांदा तारीख तपासायला सांगते.

ज्यांचे पूर्वज १८७१ च्या आधी शिकागोत होते त्यांचं काम अवघड आहे, पण तेही अशक्य नाही. १८५०, १८६० आणि १८७० ची जनगणना केंद्र सरकारची असल्यामुळे तिच्या प्रती वॉशिंग्टनला होत्या, त्या शाबूत आहेत. आग नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ईशान्येकडे पसरली, त्यामुळे नदीच्या पश्चिमेकडचा बराचसा भाग वाचला, तिथली काही चर्चही वाचली. जमिनीची मालकी तपासून देणाऱ्या खाजगी टायटल कंपन्यांनी आपल्या जमिनीच्या वह्या आगीतून बाहेर काढल्या आणि १८७२ च्या कायद्याने मालकी पुन्हा सिद्ध करायला त्यांचा आधार घेता आला.

तुमच्या बाबतीत खरी जळलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती शिकागोत जळलेली नाही. १८९० च्या जनगणनेची कागदपत्रं जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आगीत सापडली. जे उरलं तेही पुढे नष्ट केलं गेलं, संपूर्ण देशात काही हजार नावं तेवढी शिल्लक आहेत. म्हणजे १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची पोकळी. शिकागोसाठी ही पोकळी फार जिव्हारी लागते, कारण याच काळात शहर पाच लाखांवरून सतरा लाखांवर गेलं. सासूबाईंचे आजोबा नेमके या पोकळीत आले, लग्न केलं, मुलं झाली, आणि १९०० मध्ये संसारासकट कागदावर उमटले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. शिकागोत मी नावाने शोध सुरू करत नाही, जागेने करते. याची कारणं आहेत. नोवाक हे चेक लोकांमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, त्याचा पोलिश भाऊ वेगळ्या स्पेलिंगने त्याच शहरात तितक्याच संख्येने वावरत होता, आणि जनगणना करणारा कारकून बहुधा यातली कुठलीच भाषा न जाणणारा. पहिलं नावही स्थिर नसतं. व्हाक्लाव्ह नावाचा माणूस चर्चच्या लॅटिन नोंदीत वेन्सेस्लाउस असतो आणि कारखान्याच्या हजेरीपटावर जेम्स. व्होइत्येख चर्चमध्ये अडालबर्तुस होतो, बाहेर आल्बर्ट. बायकांचं आडनाव चेक नोंदीत नोवाकोव्हा, अमेरिकन नोंदीत नोवाक. नंतर याद्यांची सूची करणाऱ्याने ते अक्षर कसं वाचलं हा वेगळाच प्रश्न. घर मात्र एका रस्त्यावर, एका कोपऱ्याजवळ उभं असतं. नावाची दहा रूपं झाली तरी थ्रूप स्ट्रीटच्या त्या घरात राहणारं, बोहेमियात जन्मलेलं, १८९८ चा मुलगा असलेलं कुटुंब एकच असणार.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मूळ गाव सांगितलं की घराण्याचं पान उघडतं, तसं इथे पत्ता सांगितला की पान उघडतं. फरक एवढाच की इथली वही एका घरात नाही. ती जनगणना, डिरेक्टरी, मतदार याद्या, चर्च आणि दफनभूमी अशी विखुरलेली आहे.

मग तुमचा पत्ता भलतीकडे का जातो? कारण शिकागोने १९०९ साली जवळजवळ सगळ्या शहराचे घरक्रमांक बदलले. तोवर उत्तर, दक्षिण आणि पश्चिम विभागांचे क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू होत, काही नदीपासून, काही तळ्यापासून, आणि आजूबाजूची गावं शहरात सामील झाल्यावर एकाच नावाचे अनेक रस्ते झाले होते. एडवर्ड ब्रेनन नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून एक सरळ पद्धत मंजूर करून घेतली: स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य, तिथून चारी दिशांना क्रमांक वाढत जाणार, साधारण एका मैलाला आठशे. ती १ सप्टेंबर १९०९ ला लागू झाली, मध्यवर्ती लूप भागात १९११ मध्ये. याच बदलाचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे जिथून आग सुरू झाली ते ओलिअरी कुटुंबाचं घर. आगीच्या वेळी त्याचा पत्ता होता १३७ डिकोव्हन स्ट्रीट. आज तीच जागा ५५८ वेस्ट डिकोव्हन स्ट्रीट आहे आणि तिथे अग्निशमन दलाची प्रशिक्षण शाळा आहे. जागा तीच, क्रमांकाचा क्रमांकाशी काही संबंध नाही.

थ्रूप स्ट्रीटचंही तेच. तुमचं कुटुंब चेक आणि पत्ता थ्रूपवरचा, म्हणजे माझा पहिला अंदाज पिल्सेनचा: अठराव्या रस्त्याच्या आजूबाजूची, बोहेमियातल्या शहराचं नाव धारण केलेली वस्ती. नव्या पद्धतीत अठरावा रस्ता म्हणजे १८०० दक्षिण, त्यामुळे पिल्सेनमधल्या थ्रूपवरची आजची घरं चार आकडी आहेत. तुमचा तीन आकडी क्रमांक आजच्या नकाशात टाकला तर तो तुम्हाला मैलभर उत्तरेला नेऊन सोडणार. १९०९ मध्ये जुने आणि नवे क्रमांक शेजारी शेजारी देणारं पुस्तक छापलं गेलं होतं, त्याच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यात थ्रूप स्ट्रीटचं पान काढा, डावीकडे जुना क्रमांक शोधा, उजवीकडचा नवा लिहून घ्या. मग तो नकाशात पाहा आणि जवळचे दोन आडवे रस्ते नोंदवा. तुम्हाला खरे हवे आहेत ते हे आडवे रस्ते.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. १९०० च्या जनगणनेच्या पानावर समासात जुनाच क्रमांक असेल, पाकिटावर आहे तोच. १९१० च्या पानावर नवा असेल. नवा क्रमांक घेऊन १९०० ची पानं चाळली तर घर हातातून निसटतं.

क्रमांकासोबत रस्त्यांची नावंही बदलली आहेत, काहींची दोन-दोनदा. बारावा रस्ता रूझवेल्ट रोड झाला. बाविसावा रस्ता सर्माक रोड झाला, शिकागोचे चेक वंशाचे महापौर अँटन सर्माक १९३३ मध्ये गोळी लागून गेले त्यांच्या स्मरणार्थ. म्हणून तुमच्याकडच्या इतर कागदांवर आज नकाशात नसलेला रस्ता आला तर तो गेला असं समजू नका, आधी नावबदलाची यादी पाहा.

दोन आडवे रस्ते मिळाले की १९०० चा गणना विभाग काढता येतो. १८८० पासून प्रत्येक शहर छोट्या छोट्या विभागांत कापलेलं असे, एका गणकाला एक विभाग. स्टीव्ह मोर्स यांच्या संकेतस्थळावर शहर, रस्ता आणि आडवे रस्ते निवडले की विभागाचा क्रमांक मिळतो. मग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर तो विभाग उघडायचा आणि पानं एकेक करून चाळायची, नाव टाकून शोधायचं नाही. कंटाळवाणं वाटेल, पण एका विभागाची पानं मोजकीच असतात आणि एका बैठकीत संपतात. डावीकडच्या समासात रस्त्याचं नाव उभं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी घरक्रमांक.

१९०० ची जनगणना मला सगळ्यात आवडते, कारण ती जन्माचं वर्ष आणि महिना दोन्ही विचारते. शिवाय लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत, अमेरिकेत कधी आले. बाईच्या पुढे "सात झाली, चार आहेत" असं लिहिलेलं असेल तर तुम्हाला तीन छोट्या कबरी शोधायच्या आहेत हे त्याच ओळीत कळतं. सासूबाईंना हे दाखवण्याआधी एकदा स्वतः नीट वाचा.

सासूबाईंच्या आजोबांचं कुटुंब १९०० मध्ये त्या घरात सापडेलच याची खात्री मात्र देता येत नाही. भाड्याने राहणारी माणसं फार वेळा घर बदलत. शिकागोत भाडेकरार बहुधा १ मे ला संपत, त्या दिवशी अर्धं शहर हातगाडीवर सामान टाकून दुसरीकडे जायचं, आणि जनगणनेचा दिवस होता १ जून. १८९७ चं पाकीट आणि १९०० ची जनगणना यांच्यात असे तीन मे महिने गेले आहेत. म्हणून मधली वर्षं शहराच्या डिरेक्टरीतून भरायची. शिकागोची डिरेक्टरी १९१७ पर्यंत जवळजवळ दरवर्षी निघत होती, पुढे १९२३ आणि १९२८-२९ अशा दोनच. नाव, धंदा, पत्ता अशी एकेक ओळ. नोवाक पानंच्या पानं असतील, पण तुम्ही थ्रूप स्ट्रीटवर बोट ठेवून खाली उतरायचं. एकदा १८९७ चा माणूस सापडला की त्याचा धंदा कळतो. मग १८९८, १८९९, १९०० मध्ये तोच धंदा आणि जवळचा रस्ता असलेला नोवाक धरायचा. डिरेक्टरीत बायका सहसा नसतात, पण नवरा गेल्यावर बाई एकदम प्रकट होते, नावापुढे विधवा अशी खूण आणि नवऱ्याचं नाव. दोन वर्षांच्या डिरेक्टऱ्या शेजारी ठेवल्या की मृत्यूचा काळ वर्षभराच्या आत बांधता येतो.

१८९० ची पोकळी भरायला शिकागोकडे आणखी एक साधन आहे, आणि तुमच्या बाबतीत ते चपखल बसतं. १८८८, १८९० आणि १८९२ च्या मतदार नोंदणीच्या वह्या टिकल्या आहेत. त्यात मतदाराचा पत्ता, जन्माचा देश, त्या प्रभागात, काउंटीत आणि राज्यात किती काळ राहतोय, आणि परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्व कुठल्या न्यायालयात कधी मिळालं हेही असतं. नागरिकत्वाला पाच वर्षांचा रहिवास लागायचा. १८८५ ला आलेला माणूस १८९० ला पात्र होतो, म्हणून १८९२ च्या वहीत तो असण्याची शक्यता चांगली आहे. त्याने नागरिकत्व घेतलंच नसेल तर तो तिथे नसणार, हेही तितकंच खरं. बायको तिथे नसेलच. मतदानाचा हक्क नव्हता, आणि १९२२ पर्यंत बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागोमाग यायचं, त्यामुळे तिच्या नावाचा वेगळा कागद शोधत बसू नका.

न्यायालय आणि तारीख मिळाली की नागरिकत्वाची फाइल मागवता येते. पण १९०६ च्या आधीच्या या फायलींकडून फार अपेक्षा ठेवू नका. बहुतेकांत "ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडतो" एवढंच असतं, गावाचं नाव नाही. जन्मगाव, जहाज, बायको-मुलं हा तपशील १९०६ च्या कायद्यानंतर यायला लागला.

आता जन्मदाखला. १८९८ मध्ये शिकागोत पोर बहुधा घरीच, सुईणीच्या हातून जन्मायचं. तिने काउंटीला कळवायला हवं असा नियम होता, पण पाळला जाईलच असं नाही. कळवलं तरी अनेकदा नाव न ठेवलेल्या बाळाची नोंद असे, फक्त मुलगा की मुलगी आणि आईबापांची नावं. म्हणून कुक काउंटीच्या सूचीत मुलाच्या नावाने शोधू नका. आईच्या माहेरच्या आडनावाने आणि जन्मतारखेच्या आसपास शोधा. तरीही नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली, उशिराने केलेली नोंद. १९३५ च्या कायद्याने सोशल सिक्युरिटी ही सरकारी निवृत्तिवेतनाची योजना आली, मग युद्धकाळातल्या नोकऱ्यांना जन्माचा पुरावा लागू लागला, आणि असे हजारो लोक चाळिशी-पन्नाशीत आपला जन्म नोंदवायला गेले. या नोंदी वेगळ्या ठेवलेल्या असतात. दुसरी वाट म्हणजे सासूबाईंच्या वडिलांनी सोशल सिक्युरिटीसाठी भरलेला मूळ अर्ज. त्यात आईबापांची पूर्ण नावं आणि जन्मस्थान त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असेल. तो माहिती अधिकाराखाली मागवता येतो, थोडे पैसे आणि बराच धीर लागतो. शिवाय १२ सप्टेंबर १९१८ च्या लष्करी नोंदणीचं कार्डही पाहा. वीस वर्षांच्या मुलाचं कार्ड असायला हवं, त्यावर राहता पत्ता, काम देणारा आणि जवळचा नातेवाईक असतो.

यानंतरचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडेल: हे कुटुंब कॅथलिक होतं की नव्हतं? शिकागोतल्या चेक लोकांत चर्च सोडलेले मुक्तविचारवादी फार मोठ्या संख्येने होते. त्यांची स्वतःची शाळा, मंडळं, विमा देणाऱ्या बंधुसंस्था आणि वर्तमानपत्रं होती. पिल्सेनमधल्या एका चेक बाईला कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली गेली, त्या संतापातून १८७७ मध्ये शहराच्या वायव्य भागात बोहेमियन नॅशनल सिमेटरी उभी राहिली. महापौर सर्माक तिथेच आहेत. कुटुंब कॅथलिक असेल तर पिल्सेनमधल्या सेंट प्रोकोपियस चर्चच्या वह्यांपासून सुरुवात करा. ते १८७५ चं, चेक लोकांचं चर्च. शिकागोत पॅरिश, म्हणजे आपलं चर्च कुठलं हे, भाषेवर ठरायचं. एकाच कोपऱ्यावर आयरिश, जर्मन आणि पोलिश चर्च असत आणि चेक माणूस चार रस्ते ओलांडून चेक पाद्र्याकडेच जायचा. या वह्या १९२५ पर्यंत फॅमिलीसर्चवर आहेत. कुटुंब मुक्तविचारवादी असेल तर बाप्तिस्म्याची नोंद नसेलच, तेव्हा तिच्यामागे महिने घालवू नका. सरळ दफनभूमीच्या कार्यालयाकडे जा.

कुठल्या दफनभूमीत कोण आहे हे सासूबाईंनाच विचारा, आजच. "आजोबांच्या कबरीला कुठे जायचे?" एवढा एकच प्रश्न. बोहेमियन नॅशनल म्हणाल्या की एक वाट, नाइल्समधली सेंट अडालबर्ट म्हणाल्या की दुसरी. माणसं धर्माविषयी जे सांगतात त्यापेक्षा त्यांची कबर कुठे आहे त्यावर मी जास्त विश्वास ठेवते. दफनभूमीच्या कार्यालयात जागा कुणाच्या नावावर आहे आणि त्याच जागेत आणखी कोण कोण आहे हे विचारा. लहानपणी गेलेली भावंडं बहुतेक वेळा अशीच सापडतात.

सासूबाईंच्या आठवणीतल्या कुणाचा मृत्यू जुलै १९१५ मध्ये झाला असेल तर ईस्टलँड जहाजाची नोंद नक्की पाहा. २४ जुलै १९१५ ला वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कामगारांची सहल निघाली होती. ईस्टलँड नदीत धक्क्यालाच कलंडलं आणि ८४४ माणसं गेली. त्यात चेक कुटुंबं खूप होती, काही तर अख्खी. बोहेमियन नॅशनलमध्ये शंभराहून जास्त जण पुरलेले आहेत.

वेस्टर्न इलेक्ट्रिकचा उल्लेख दुसऱ्याही कारणाने केला. तुम्ही म्हणता १९२० मध्ये कुटुंब शिकागोतून गायब होतं. पिल्सेनमध्ये बस्तान बसलं, थोडे पैसे साठले की चेक माणूस पश्चिमेला सरकायचा: आधी सव्विसाव्या रस्त्याच्या परिसरात, मग सिसेरो आणि बर्विनला. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्नचा प्रचंड कारखाना सिसेरोलाच होता. आणि सिसेरो, बर्विन ही शिकागोला खेटून असली तरी वेगळी गावं आहेत, शिकागो निवडून शोधलं तर ती पानं कधीच येणार नाहीत. उलट बाजूने हाच घोळ १८८९ च्या आधी होतो. त्या वर्षी हाइड पार्क, लेक, जेफरसन आणि लेक व्ह्यू शहरात सामील झाली आणि शिकागोचं क्षेत्रफळ जवळजवळ चौपट झालं. १८८० च्या जनगणनेत कत्तलखान्यांजवळ राहणारा माणूस शिकागोत नाही, टाउन ऑफ लेकमध्ये सापडतो. म्हणून शोध रिकामा आला की आधी त्या वर्षीची शहराची हद्द कुठे होती ते पाहा.

मृत्यूच्या दाखल्यांबद्दल थोडंसंच सांगते, कारण ते तुम्हाला सहज मिळतील. १९१६ पासून इलिनॉयची राज्यभर एकच पद्धत आहे आणि १९१६ ते १९५० ची सूची राज्याच्या अभिलेखागाराने फुकट उपलब्ध केली आहे. दाखला वाचताना माहिती कुणी दिली तो रकाना आधी वाचा. मृत्यूची तारीख आणि दफनाची जागा डोळे झाकून घ्या. जन्मतारीख आणि आईचं माहेर जर जावयाने सांगितलं असेल तर पेन्सिलीने लिहा.

एवढ्याचा क्रम असा लावा: जुना क्रमांक नवा करा, आडवे रस्ते काढा, १९०० चा विभाग चाळा, १८९२ ची मतदार वही आणि मधल्या डिरेक्टऱ्या पाहा, मग चर्च किंवा दफनभूमी. यातलं जवळजवळ सगळं घरबसल्या किंवा ग्रंथालयात फुकट होतं. शिकागोत न्यूबेरी ग्रंथालय आहे, १८८७ पासूनचं, सगळ्यांना खुलं, आणि तिथले लोक शिकागोच्या नकाशांत मुरलेले आहेत. आठवड्याची सुट्टी काढता आली तर शेजारच्या इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनची अ‍ॅलन काउंटी लायब्ररीही पाहा, मिडवेस्टमध्ये वंशावळीचा एवढा मोठा साठा दुसरीकडे नाही. दाखल्यांचे पैसे शेवटी भरा, अचूक तारीख हातात आल्यावर. इलिनॉयमध्ये वंशावळीसाठी जन्माची नोंद ७५, विवाहाची ५० आणि मृत्यूची २० वर्षांनी मिळते, तुमच्या सगळ्या तारखा त्या पलीकडच्या आहेत.

चेक येत नाही म्हणून वर्तमानपत्रं सोडू नका. १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून बेकार लेखक-अनुवादकांना शिकागोच्या परभाषी वर्तमानपत्रांतले लेख इंग्रजीत आणायचं काम दिलं गेलं होतं. ते भाषांतर न्यूबेरीने इंटरनेटवर ठेवलंय आणि त्यात चेक दैनिकांचा वाटा मोठा आहे. तुमच्या नोवाकांचं नाव सापडेल असं नाही, पण थ्रूप स्ट्रीटवर १८९७ च्या सुमारास लोक कशाबद्दल भांडत होते, कुठल्या सभागृहात नाटकं होत होती, संप कुठे झाला, हे कळतं. सासूबाईंना नुसत्या तारखांपेक्षा हे ऐकायला जास्त आवडेल. अठराव्या रस्त्यावरचं १८९२ चं थालिया हॉल अजून उभं आहे, त्यांना एकदा तिथे घेऊन जा. वस्ती आता मेक्सिकन झाली आहे, पण घरांचे दगडी चेहरे त्याच काळचे आहेत.

शेवटी गाव. बोहेमियातल्या पॅरिशच्या नोंदवह्या चेक अभिलेखागारांनी स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत, काही घराण्यांच्या सतराव्या शतकापर्यंत जातात. पण गावाचं नाव नसेल तर तिथे पाऊल टाकता येत नाही, आणि अमेरिकन कागद बहुधा नुसतं "बोहेमिया" म्हणून थांबतात. जहाजाच्या यादीवर भिस्त ठेवू नका. १८८५ च्या याद्यांत नाव, वय, धंदा, देश यापलीकडे फारसं काही नसतं. ते हॅम्बुर्गहून निघाले असतील तर तिथल्या यादीत राहतं गाव मिळू शकतं, ब्रेमेनहून निघाले असतील तर तिथल्या याद्या बहुतांश नष्ट झाल्या आहेत. चेक कबरीच्या दगडावर कधी कधी जन्मगाव कोरलेलं असतं, "नार." (म्हणजे जन्म) या संक्षेपाच्या पुढे. चर्चमधल्या विवाहाच्या नोंदीतही काही पाद्री वधूवरांचं गाव लिहीत.

पण त्याआधी ते पाकीट पुन्हा हातात घ्या. ते बोहेमियातून आलंय, म्हणजे त्यावर पाठवणाऱ्याच्या टपाल कचेरीचा शिक्का असणार. १८९७ मध्ये तिकडच्या शिक्क्यांवर नाव बरेचदा जर्मन आणि चेक अशा दोन्ही भाषांत असे, दोन्ही वाचायचा प्रयत्न करा. पाठवणारे बहुधा मागे राहिलेले आईबाप किंवा भाऊ असतील, आणि ते ज्या टपाल कचेरीत चालत गेले तिच्या आसपासच्या दोन-चार गावांतलंच एक त्यांचं. शिक्क्याचा फोटो दिवसाच्या तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश न वापरता, आणि पाकिटाची मागची बाजूही काढा. तिथे पोचल्याचा शिकागोचा शिक्का असू शकतो. दोन्ही फोटो आणि १९०० च्या जनगणनेतलं पान सापडलं की कळवा, म्हणजे कुठल्या अभिलेखागाराची कुठली वही उघडायची ते सांगता येईल.